माझी एकही टेस्ट फेल नाही

७ जानेवारी, सकाळ

काल आमच्या निवृत्तांच्या संघाची मीटिंग झाली. मिशीवाल्यांनी भर सभेत विचारलं, गेल्या सहलीला बसमध्ये सीटांवरून जी भांडणं झाली त्याला जबाबदार कोण? 'कोण' म्हणताना बघत होते माझ्याकडे. सहलप्रमुख मी. मिशीवाले बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झाले तेव्हापासून त्यांना बसायला खुर्ची हवी आहे. माझी दिसली.

अध्यक्षबाईंनी तोडगा काढला. फेब्रुवारीतली सहल होऊ दे, मग सहलप्रमुखपदासाठी मतदान घेऊ. म्हणजे सहल नीट पार पडली तर मी, नाहीतर मिशा.

मी उठले आणि जाहीर केलं की यंदा सीटा माणूस वाटणार नाही, कॉम्प्युटर वाटेल, आणि प्रोग्राम मी स्वतः लिहीन. टाळ्या पडल्या. दोघांच्याच, पण मनापासून.

मिशीवाल्यांनी विचारलं, तुम्हाला येतो का प्रोग्राम? मी म्हटलं, वाचनालयातल्या क्लासचं सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. ते म्हणाले, सर्टिफिकेट माझ्याकडे पोहण्याचंही आहे. लोक हसले. लोकांना काय, कशालाही हसतात.

संकल्प: रोज दोन तास प्रोग्राम. चहा झाल्यावर लगेच. पेपर नंतर.

८ जानेवारी

पेपर आधी वाचला. बातम्या शिळ्या होतात, प्रोग्राम होत नाही.

९ जानेवारी

नियम ठरवले. बस चाळीस सीटांची, दोन्हीकडे दोन-दोनच्या जोड्या. एक: नवरा-बायको शेजारी. दोन: लिंबूवाल्या बाईंना पहिल्या रांगेत खिडकी. यांना बस नुसती सुरू झाली तरी मळमळतं, म्हणून कायम हातात लिंबू. तीन: पहिल्या रांगेत एका बाजूला मी आणि हे, दुसऱ्या बाजूला आमच्या ग्रंथपालबाई आणि लिंबूवाल्या. चार: मिशीवाले माझ्या बरोब्बर मागे, खिडकीला. शत्रू आवाजाच्या टप्प्यात असलेला बरा.

११ जानेवारी

प्रोग्राम लिहून झाला! हे म्हणाले, इतक्यात? मी म्हटलं, कॉन्व्हेंटच्या मुली काम रेंगाळत ठेवत नाहीत.

संध्याकाळी सून ऑफिसातून आली. ही सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा तिला पगार मिळतो. मी सासू असून फुकट काढते. तिला प्रोग्राम दाखवला तर कौतुक राहिलं बाजूला, म्हणाली, आई, टेस्ट लिहिल्यात का?

टेस्ट म्हणजे काय, तर आपण छातीवर हात ठेवून दावा करायचा. उदाहरणार्थ, लिंबूवाल्यांना खिडकी मिळालीच पाहिजे. या दाव्याला असर्शन म्हणतात. मग फ्रेमवर्क नावाचं एक प्रकरण असतं, ते प्रोग्राम चालवून दावा खरा की खोटा बघतं. खरा तर हिरवं, खोटा तर लाल. लाल झालं की अपेक्षित काय होतं आणि मिळालं काय, हे शेजारी-शेजारी छापतं.

मी म्हटलं, अगं, मी आयुष्यभर दुसरं काय केलं? वजनमाप निरीक्षक होते मी. एका पारड्यात सरकारी प्रमाण वजन, दुसऱ्यात दुकानदाराचं. अपेक्षित किलो, मिळाला पाऊण. माझ्या हाताखालून एक खोटं वजन सुटलं नाही. बाजारात माझी चाहूल लागली की तराजू आपोआप सरळ व्हायचे.

सून म्हणाली, मग तुम्हाला सोपं जाईल. जाणारच.

१३ जानेवारी

टेस्ट लिहिल्या. चालवल्या. लाल.

लाल झाल्याचं दुःख नाही. संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. एका टेस्टमध्ये मी ओळीने सहा दावे लिहिले होते. पहिला खोटा ठरला आणि त्या मेल्या यंत्राने पुढचे पाच तपासलेसुद्धा नाहीत! सरळ त्या टेस्टवर फुली मारून पुढच्या टेस्टकडे चालतं झालं.

सुनेला जाब विचारला. म्हणाली, असंच असतं, आई. असर्शन फेल झालं की ते एरर फेकतं. टेस्ट तिथेच संपते. फ्रेमवर्क ती एरर झेलतं, नोंद करतं आणि बाकीच्या टेस्ट चालवतं. एक टेस्ट पडली म्हणून सगळं दुकान बंद करत नाही.

मी म्हटलं, हा कामचुकारपणा आहे. मी वाण्याच्या दुकानात शिरले, पहिलंच वजन खोटं निघालं, आणि बाकीची न बघता चहा प्यायला निघून गेले, असं केलं असतं तर? सून म्हणाली, पण तराजूची दांडीच वाकडी निघाली असती तर पुढची वजनं तोलत बसला असता का?

उत्तर बरं होतं. तिला तसं सांगितलं नाही.

१४ जानेवारी

फ्रेमवर्क बनवणाऱ्यांना पत्र लिहायचं ठरवलं. इंग्रजी मसुदा तयार. सुरुवात "I am appalled" अशी. पत्ता सापडत नाही. असली माणसं पत्ता देत नाहीतच.

१५ जानेवारी

सुनेने तोड सांगितली. दावे असे लिहिता येतात की एक खोटा ठरला तरी यंत्र तो मनात ठेवतं, पुढचे सगळे तपासतं आणि शेवटी एकदम हिशेब देतं. मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस? ही खरी निरीक्षकाची पद्धत.

तशी केली. चालवली.

स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत लाल. खाली सरकवलं तर अजून लाल. माझी सून बघत होती, मुलगा बघत होता, हे चष्मा लावून मुद्दाम जवळ येऊन बघत होते. मुलगा म्हणाला, आई, यात काही बरोबरही आहे का?

१६ जानेवारी

जुनी पद्धत परत आणली. पहिल्या चुकीला थांबणं यात एक सभ्यता आहे. एका वेळी एकच अपमान पुरे.

१९ जानेवारी, दुपार

आज नीट बसले. पहिली लाल टेस्ट: माझी स्वतःची सीट. दावा होता एक नंबर. यंत्र म्हणतं, अपेक्षित एक, मिळालं शून्य.

तासभर प्रोग्राम वाचला. कुठे काही चुकलेलं दिसेना. मग डोक्यात प्रकाश पडला. यंत्र एवढं ठामपणे शून्य म्हणतंय तर त्याला काही कारण असेल. चूक अपेक्षेत आहे! दाव्यात एकच्या जागी शून्य लिहिलं. चालवलं. हिरवं! इतकं सोपं असतं हे. शेवटच्या सीटचा दावा चाळीसचा होता, यंत्र एकोणचाळीस म्हणत होतं. तोही बदलला. न्याय सगळ्यांना सारखा.

शेजारी आमचे हे शब्दकोडं सोडवत बसले होते. विचारलं, काय केलंस? सांगितलं. ह्यांनी मान वर केली. म्हणाले, दुकानदाराचं वजन कमी भरलं की तू सरकारी वजनाला कानस लावून घासायचीस का?

ह्यांना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत. आयुष्य ड्रॉइंग शिकवण्यात गेलं.

२१ जानेवारी

नवरा-बायकोची टेस्ट लालच. खिडकीची लाल. मिशीवाल्यांची लाल, ते एक अपेक्षितच. यांच्या अपेक्षा बदलताही येईनात, कारण दर वेळी यंत्र नवीनच काहीतरी सांगतं.

रस्त्यात मिशीवाले भेटले. कसं चाललंय कॉम्प्युटरचं, म्हणाले. मी म्हटलं, शेवटचा हात फिरवतेय. म्हणाले, फिरवा फिरवा, मी साध्या कागदावर एक प्लॅन करून ठेवलाय, लागला तर सांगा. केवढा आगाऊपणा! त्यांचा कागद मी कागदी होडी करायलासुद्धा वापरणार नाही.

२४ जानेवारी, सकाळ

युरेका. (कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला हा शब्द स्पेलिंगसकट पाठ होता.)

क्लासच्या नोट्स चाळताना सापडलं. प्रोग्राममध्ये अशी सोय असते की एखादं काम 'करून बघ' म्हणायचं, आणि एरर आलीच तर ती तिथल्या तिथे पकडून गप्प बसायचं. मी ताबडतोब विचार केला. असर्शन फेल होतं म्हणजे काय? एरर फेकतं. फ्रेमवर्कला फेल कधी कळतं? ती एरर टेस्टच्या बाहेर आली तर. मग बाहेर येऊच का द्यायची? प्रत्येक दावा त्या 'करून बघ'मध्ये घातला, आणि एरर आली तर 'गप्प बस' अशी ओळ लिहिली.

चालवलं. हिरवं, हिरवं, हिरवं. एकही लाल नाही!

किती शहाणी रचना आहे बघा. आरडाओरडा उंबऱ्याबाहेर गेला तर ती फेल. घरातल्या घरात मिटला तर पास. आमचं अख्खं माहेर याच तत्त्वावर चाललं आणि कोणी नावं ठेवली नाहीत.

फ्रेमवर्कवाल्यांवरचा राग गेला. पत्राचा मसुदा फाडला.

२४ जानेवारी, संध्याकाळ

सुनेला निकाल दाखवला. टेस्ट दाखवल्या नाहीत, निकाल दाखवला. तिने भुवया वर केल्या. म्हणाली, सगळं हिरवं? मग म्हणाली, आई, जी टेस्ट कधीच फेल होत नाही तिची मला भीती वाटते. मुद्दाम प्रोग्राममध्ये काहीतरी मोडून बघा. लाल झालं तर टेस्ट खरी.

हिच्या कामाचा परिणाम. चांगलं झालेलं बघवत नाही.

२५ जानेवारी

तरी मोडून बघितलं. उगाच कोणाच्या मनात शंका नको. लिंबूवाल्या बाईंना यादीतून अख्खं काढून टाकलं. चालवलं. हिरवं! मग ह्यांना काढलं. हिरवं. मग बसच काढली, सीटा शून्य केल्या. तरी हिरवं!

इतका मजबूत प्रोग्राम मी जन्मात पाहिला नाही. माणसं गेली, बस गेली, हा तसूभर हलत नाही.

सगळ्यांना परत घातलं. सुनेला सांगितलं, मोडून बघितलं, टिकला. तिने विचारलं, लाल झालं का? मी म्हटलं, छे! ती काहीतरी बोलणार होती, पण तिच्या ऑफिसचा फोन आला. फोनलाही कधीकधी वेळेचं भान असतं.

६ फेब्रुवारी

सीटांच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. प्रत्येक चिठ्ठी बंद पाकिटात, वर सभासदाचं नाव. पाकीट बसच्या दारात मिळेल. आधी कळलं की लोक गळ घालायला येतात. सूचना छापली: नंबर अंतिम आहे, बदल मागू नये.

हे म्हणाले, एकदा नजर टाकतेस का चिठ्ठ्यांवरून? मी म्हटलं, टेस्ट हिरव्या असताना चिठ्ठ्या बघणं म्हणजे टेस्टवर अविश्वास. स्वतःचा शिक्का निरीक्षक पुन्हा तपासत नाही.

संकल्प: मतदानानंतरचं भाषण तयार करणे. मिशीवाल्यांबद्दल दोन बरे शब्द घालायचे. एकच घालावा.

१४ फेब्रुवारी, सकाळी साडेसहा

बस आली. मी दारात. पाकिटं वाटली. सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे. पहिल्यांदा शिस्त दिसतेय संघात. आता माझं पाकीट फोडते.

१४ फेब्रुवारी, पावणेसात

माझा नंबर शून्य.

बसमध्ये शून्य नंबरची सीट नसते. ड्रायव्हरला विचारलं. म्हणाला, बाई, मी इतकी वर्षं गाडी चालवतोय, शून्यावर कोणाला बसवलेलं नाही.

१४ फेब्रुवारी, आठ

(चालत्या बसमध्ये लिहितेय. कॉन्व्हेंटात अक्षर गिरवून घेणाऱ्या सिस्टरनी हात फोडले असते.)

दाराजवळ क्लीनरची एक घडीची सीट आहे. तिच्यावर बसलेय. तिचं तोंड मागे. त्यामुळे अख्ख्या बसची तोंडं माझ्याकडे. प्रमुखाला हीच जागा योग्य, सगळ्यांवर लक्ष राहतं. मिशीवाले ओरडून म्हणाले, शेवटची चाळीस नंबरची सीट रिकामी आहे, तिकडे बसा. मी म्हटलं, प्रमुख मागे बसत नसतो.

सगळ्या जोड्या फुटल्यात. नवरा एका बाकावर, बायको दुसऱ्यावर. नवऱ्यांच्या गोळ्या बायकांच्या पर्समध्ये आहेत. त्या पर्स डोक्यांवरून बसभर फिरतायत. एका गृहस्थांनी दुसऱ्यांच्या बायकोच्या पर्समधली गोळी घेतली. झोपेची निघाली. आता ते शेजारच्या बाईंच्या खांद्यावर झोपलेत आणि त्यांच्या खऱ्या बायकोने मागून मला विचारलं, हाही कॉम्प्युटरनेच ठरवलेला खांदा आहे का?

मी सांगितलं, टेस्ट सगळ्या हिरव्या आहेत.

हे एक नंबरवर खिडकीशी. शेजारी दोन नंबरवर ग्रंथपालबाई. त्या काहीतरी सांगतायत आणि हे हसतायत. आवाज करून. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचे इतके दात मला माहीत नव्हते.

१४ फेब्रुवारी, रात्री साडेनऊ, घरी

लिंबूवाल्यांची खिडकी गेली. त्यांना आतली सीट आली, आणि खिडकीत मिशीवाले. घाट सुरू झाला तशा बाई पिवळ्या पडायला लागल्या. मी आधीच सांगितलं, बाई, वळण येतंय, खिडकीकडे झुका. झुकल्या. खिडकीपर्यंत पोचल्या नाहीत.

लिंबू हातात राहिलं. बाकी सगळं मिशीवाल्यांच्या पांढऱ्या पँटवर.

आता हा माणूस ओरडेल, असं मला वाटलं. वाटलं कसलं, मी वाट बघत होते. हे तर उलटंच. त्यांनी बाईंचं डोकं धरलं. स्वतःचा रुमाल दिला, पाणी दिलं. म्हणाले, होतं असं, पँट धुता येते, तुम्ही डोळे मिटून बसा. मागच्या सगळ्या बायकांनी एकदम 'अगंबाई' म्हटलं. अशा सुरात 'अगंबाई' मला कधी कोणी म्हटलेलं नाही.

पँटवर टॉवेल गुंडाळून हा माणूस दिवसभर हिंडला. तळ्याकाठच्या ग्रुप फोटोत मधोमध तोच. टॉवेलसकट.

१५ फेब्रुवारी

सुनेने अखेर टेस्ट उघडून बघितल्या. मी आंघोळीला गेले होते. हे वागणं बरं नव्हे.

म्हणाली, आई, यंत्र शून्यापासून मोजतं, बस एकपासून. म्हणून प्रत्येक माणूस एक सीट अलीकडे सरकला. जोडीतला एक या बाकावर, दुसरा त्या. तुमच्या पहिल्याच टेस्टने हे सांगितलं होतं. एक हवा, शून्य मिळालं. आणि बाकीच्या टेस्ट ओरडत होत्या, तुम्ही त्यांचं तोंड दाबलंत. तिने ती 'गप्प बस'ची ओळ दोनच टेस्टमधून काढली आणि चालवून दाखवलं. दोन्ही लाल.

मी म्हटलं, बघितलंस? तू हात लावलास आणि फेल झालं.

तिने कॉम्प्युटर बंद केला. मग म्हणाली, चहा टाकू का? मुलगी मनाने वाईट नाही.

मग 'अधिक एक' अशी इवलीशी दुरुस्ती करून दिली तिने. आता सगळे आपापल्या जागी. मी एकवर, हे दोनवर. पुढच्या सहलीला आदर्श व्यवस्था. मतदानात हेच सांगायचं.

१८ फेब्रुवारी

प्रचार केला. फोनवरून. बहुतेकांनी उचलला नाही, म्हणजे मत पक्कं असावं, चर्चेची गरज नसावी. लिंबूवाल्यांनी उचलला. म्हणाल्या, तुमच्या कॉम्प्युटरमुळे केवढा देवमाणूस शेजारी आला हो. मी म्हटलं, आभार मानायचेत तर मताने माना. मानते म्हणाल्या. कोणाचे ते बोलल्या नाहीत.

ह्यांना दुरुस्ती समजावून सांगितली. आता आपण दोघं शेजारी, दोन्ही वेळा, जाताना आणि येताना. हे म्हणाले, बरं. आणि कोडं सोडवायला लागले.

२१ फेब्रुवारी

मतदान झालं. चिठ्ठ्या टाकून. स्वतःला मत देणं कॉन्व्हेंटमध्ये असभ्य मानायचे, म्हणून मी कोरी चिठ्ठी टाकली. उमेदवार म्हणून मिशीवाल्यांचं नाव लिंबूवाल्यांनी सुचवलं.

अध्यक्षबाईंनी निकाल वाचला. मिशीवाले, मिशीवाले, मिशीवाले. मधे माझी कोरी. मग परत मिशीवाले. संपता संपता एक चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. अक्षर ओळखलं, ड्रॉइंग मास्तरांचं वळणदार.

माझे डोळे भरून आले. खरंच आले. सगळा संघ फिरला, पण घरचं माणूस उभं राहिलं. भाषण खिशातच राहिलं, त्याचं काही वाटेना.

घरी येताना ह्यांचा हात धरला आणि विचारलं, सगळे तिकडे गेले, तुम्हीच तेवढं मला मत दिलंत. एवढा विश्वास?

हे म्हणाले, ती दुरुस्ती काढून टाकता येते ना गं?